गॅस बंद केला का? मंत्रचळावरच्या ईआरपी उपचारातून जाताना

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, हा नको असलेल्या शंका-विचारांपायी तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार. त्यावर औषधांइतकाच, काही जणांना औषधांहूनही जास्त उपयोगी पडणारा एक मानसोपचार आहे. ओपीडीत सगळे त्याला ‘ईआरपी’ (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. ज्याची धास्ती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं आणि त्यानंतर मन जी कृती करायला भाग पाडतं ती करायची नाही, एवढाच त्याचा गाभा. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली या पद्धतीने बऱ्या केलेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि तिथून ही वाट सुरू झाली. गॅस आणि कुलूप पुन्हापुन्हा तपासण्याच्या त्रासासाठी मी हा उपचार घेतला आहे. ऐकायला तो दोन ओळींत संपतो. करताना कुठे अडतं, कुठे फसतं आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं असतं, हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांकडून करावी, म्हणजे एमडी किंवा डीपीएम झालेल्या डॉक्टरांकडून. पहिल्या भेटीला पाऊण तास ते तास लागतो. तपासण्यात, धुण्यात, मोजण्यात किंवा नुसत्या विचारांशी झटापट करण्यात दिवसातला किती वेळ जातो, हे सगळ्यात आधी विचारतात. रोज तासाभराच्या वर वेळ जात असेल, किंवा त्यापायी नोकरी, घर, झोप बिघडली असेल, तर तो आजार धरतात. त्रास कोणत्या वयात सुरू झाला, घराण्यात आणखी कुणाला आहे का, मन उदास असतं का, जीव द्यावासा वाटतो का, दुसरी कोणती औषधं चालू आहेत, गरोदरपण आहे का, हेही विचारतात. उत्तरं खरी द्यावीत. लाज वाटते म्हणून वेळ निम्मा सांगणं फार होतं, आणि मग पुढचं सगळं गणित चुकतं.

‘आमची ही पहिल्यापासून टापटीप आहे’ असं म्हणून हा आजार घराघरांत वर्षानुवर्षं झाकला जातो. टापटीप माणसाला ओटा आवरला की समाधान मिळतं आणि तो पुढच्या कामाला लागतो. मंत्रचळात तपासून झाल्यावर समाधान मिळत नाही, फक्त थोड्या वेळाची सुटका मिळते. हे जास्त होतंय, हे बहुतेकांना स्वतःला पुरतं कळत असतं. कळत असूनही थांबता येत नाही, म्हणून तर माणूस रडकुंडीला येतो. अशा वेळी ‘मनावर घे, सुटेल’ हा सल्ला ऐकून तो आणखी खचतो.

आजाराची तीव्रता ‘वाय-बॉक्स’ या प्रश्नावलीने मोजतात. १९८९ पासून ती जगभर वापरात आहे. दहा प्रश्न असतात, पाच विचारांबद्दल आणि पाच कृतींबद्दल. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे एकूण चाळीस. सोळा ते तेवीस म्हणजे मध्यम त्रास, चोवीस ते एकतीस म्हणजे तीव्र. पहिला आकडा स्वतःजवळ लिहून ठेवावा. दोन महिन्यांनी ‘काहीच फरक नाही’ असं मन सांगत असतं, तेव्हा अठ्ठावीसचे अठरा झालेले कागदावर दिसतात. साधारण पस्तीस टक्के घट झाली की उपचार लागू पडला असं मानतात.

औषधांबद्दल थोडक्यात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटालोप्राम यांपैकी एक बहुधा देतात, त्यांनी भागलं नाही तर क्लोमिप्रामिन. नैराश्यात लागतो त्यापेक्षा इथे डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि नीट परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. मळमळ, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतात. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गोळ्या सोडणारे खूप असतात, आणि नेमकी ती वेळ सोडण्याची नसते. गुण आल्यावरही निदान वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. त्रास सौम्य असेल तर डॉक्टर नुसत्या ईआरपीनेही सुरुवात करतात. भीती वाटली की घ्यायची ‘शांत करणारी’ गोळी कुणी आधीपासून घेत असेल तर ते मात्र आवर्जून सांगावं. सरावाच्या आधी ती घेतली तर पुढे सांगते तो सगळा खटाटोप वाया जातो.

त्यानंतर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवतात आणि तिथे पहिलं काम मिळतं वहीचं. आठवडाभर काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. रकाने ठरलेले: वेळ, ठिकाण, मनात काय आलं, बेचैनी शून्य ते शंभरात किती, काय केलं, किती मिनिटं गेली, कुणाला काय विचारलं. नोंद कशी असावी त्याचा हा नमुना:

‘सकाळी ८.४०. दार ओढून घेतलं. बर्नर अर्धवट राहिला असेल, गॅस कोंडेल, शेजारच्यांची मुलं घरात आहेत. ८०. परत आत. दोन्ही बटणांना हात लावून मोठ्याने बंद-बंद म्हटलं, तीनदा. रेग्युलेटर पाहिला. मोबाइलवर फोटो. १४ मिनिटं. स्टेशनवरून ह्यांना फोन: तुम्ही निघताना पाहिलं होतं ना?’

शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि फोटोची नोंदच करत नाहीत, कारण घरच्यांना विचारणं किंवा फोटो काढणं ही आजाराची कृती आहे हे कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. सायकॉलॉजिस्टचा सगळ्यात जास्त रस तिथेच असतो.

मग कागदावर साखळी काढून दाखवतात. शंका येते, बेचैनी चढते, तपासलं की ती उतरते. ती उतरली हे मेंदू टिपून ठेवतो, आणि पुढच्या वेळी शंका आणखी जोरात येते, कारण तपासल्यामुळेच वाचलो असा त्याचा समज झालेला असतो. नुसती शंका येणं म्हणजे आजार नाही. ‘गॅस राहिला असेल’, ‘हातून मुलाला इजा झाली तर’, ‘देवासमोर भलतंच मनात आलं’ असे विचार चांगल्या धडधाकट माणसांच्याही मनात येऊन जातात. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालीच ते दाखवून दिलं होतं. फरक पडतो तो विचाराला दिलेल्या वजनात. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे कुणाचं वाईट झालं तर ते पाप माझंच’ असं ज्याला आत खोलवर वाटतं, त्याला तो विचार सोडून देता येत नाही.

पुन्हापुन्हा तपासल्याने खात्री वाढत का नाही, याचं उत्तर मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात उपयोगी पडलं. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी वारंवार चालू-बंद करून तपासायला लावली. शेवटी कोणती बटणं तपासली, हे त्यांना बरोबर आठवत होतं. पण ती आठवण फिकी, धूसर झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा उडाला होता. आजार नसलेल्या माणसांचं हे झालं. म्हणजे आपली स्मरणशक्ती कमी आहे म्हणून आपण तपासत नसतो. तपासल्यामुळे स्मरणावरचा विश्वास झिजतो, तो झिजला म्हणून पुन्हा तपासतो. दहाव्यांदा बटण पाहताना ‘दिसतंय बंद, पण बंद वाटत नाही’ असं जे होतं, ते याच कारणाने.

इथून पुढे उपचाराचं ध्येय बदलतं. गॅस बंद आहे याची पक्की खात्री मिळवणं हे ध्येय राहत नाही. तशी खात्री कुणालाच कधी मिळत नाही, इतर लोक तिच्याशिवाय ऑफिसला जातात. आपल्यालाही तिच्याशिवाय दार ओढून निघता यावं, एवढ्यासाठी सगळा सराव असतो.

सराव सुरू होण्याआधी घरातली वाजवी काळजी कोणती, ते एकदाच ठरवून लिहून ठेवतात. आमच्यासारख्यांना ही रेघ लागतेच, नाहीतर प्रत्येक गोष्ट ‘पण सुरक्षिततेसाठी तर’ म्हणून आत शिरते. स्वयंपाक झाला की बटण एकदा बंद करायचं. रात्री झोपताना आणि गावाला जाताना रेग्युलेटर एकदा बंद. नळी मुदतीत बदलायची. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. तेव्हा वास आपणहून नाकाला आला तर खिडक्या उघडायच्या, विजेचं कोणतंही बटण दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करून बाहेर पडायचं आणि १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकाला फोन करायचा. वास येतोय का हे बघायला ओट्याशी जाऊन हुंगणं मात्र तपासण्यातच मोडतं.

त्यानंतर शिडी तयार होते. ज्या ज्या प्रसंगाची धास्ती वाटते ते सगळे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून प्रत्येकाला शंभरात गुण द्यायचे आणि चढत्या क्रमाने लावायचे. दहा ते पंधरा पायऱ्या होतात. गॅसच्या शिडीतल्या काही पायऱ्या अशा असतात: चहा झाल्यावर बटण एकदाच बंद करून हॉलमध्ये येऊन बसायचं, पंचवीस. त्याच अवस्थेत जिना उतरून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन यायचं, पस्तीस. रात्री ओटा आवरून, रेग्युलेटर एकदाच फिरवून, मागे न बघता दिवा मालवायचा, पन्नास. घरातून सगळ्यात शेवटी आपण निघायचं, फोटो न काढता, पासष्ट. घर बंद करून दोन दिवस गावी जायचं आणि शेजाऱ्यांना ‘जरा लक्ष असू द्या’ असंही म्हणायचं नाही, पंच्याऐंशी. सुरुवात तीस-चाळीसच्या पायरीवरून करतात. दहा गुणांच्या पायरीवर शिकायला काही नसतं आणि नव्वदवर उडी मारली तर माणूस मध्येच पळतो, मग भीती दुप्पट होऊन बसते.

दवाखान्यातल्या खोलीत हा सराव बऱ्याचदा लागूच पडत नाही. तिथल्या कपाटाचं कुलूप उघडं राहिलं तरी धास्ती वाटत नाही, कारण ते कपाट आपलं नसतं, जबाबदारी दुसऱ्याची असते. म्हणून सायकॉलॉजिस्ट एखाद्या वेळी घरी येतात किंवा व्हिडिओ कॉलवर सराव घेतात. कॉलवर एक नियम कडक असतो: मोबाइलचा कॅमेरा आपल्या तोंडाकडे हवा, गॅसकडे वळवायचा नाही. वळवला तर सायकॉलॉजिस्टच साक्षीदार होतात आणि जबाबदारी पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

सत्र तास-दीड तासाचं असतं. आधी अंदाज लिहायचा: काय होईल असं वाटतं आणि ते व्हायची शक्यता किती टक्के. ‘अर्ध्या तासात घरात गॅस भरेल, साठ टक्के. आणि तपासलं नाही तर मी वेडीपिशी होईन, नव्वद टक्के.’ हा दुसरा अंदाज विसरू नये. पुष्कळांची खरी भीती स्फोटाची कमी आणि या बेचैनीचीच जास्त असते. मग दूध तापवायचं, बटण बंद करायचं, हात लावून पाहायचं नाही, ‘बंद’ असं म्हणायचं नाही, वळायचं आणि बाहेर यायचं. पहिली दोन-तीन मिनिटं तशी बरी जातात. मग छाती धडधडू लागते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो, आणि पाय अक्षरशः स्वयंपाकघराच्या दिशेने वळतात. दर पाच मिनिटांनी बेचैनीचा आकडा विचारतात. सत्तर. पंच्याऐंशी. पंच्याऐंशी. ऐंशी. या टप्प्यावर ‘फक्त दारातून एक नजर टाकते’ अशी विनवणी हमखास होते, आणि उत्तर येतं, ‘आत्ता मन काय म्हणतंय ते मला सांगा, आणि बसून राहा.’ धीर देत नाहीत. ‘काही होणार नाही हो’ असं एकदाही म्हणत नाहीत. सुरुवातीला हे फार कोरडं वाटतं, पुढे त्याची किंमत कळते. उलट ते मोठ्याने म्हणायला लावतात: ‘गॅस बंद असेल किंवा नसेल. मला नक्की माहीत नाही, आणि मी बघायला जाणार नाही.’

कधी आकडा तीस-चाळीस मिनिटांत पन्नासच्या खाली येतो, कधी तासभर सत्तरवरच अडकून राहतो. नाही उतरला तर सराव फुकट गेला असं समजू नये. शेवटी वहीत लिहायचं असतं ते हे: जे होईल वाटलं ते झालं का, आणि सत्तर असतानाही बसता आलं का. ‘बसता आलं’ हेच शिकायचं असतं. सत्र संपलं म्हणून लगेच उठून बटण पाहणं हा सगळ्यात मोठा घोटाळा, दीड तासाची कमाई दोन सेकंदांत जाते. ती पायरी मग घरी रोज करायची, वेगवेगळ्या वेळी, थकलेलं असताना, भांडण झालेलं असताना, घरात कुणी नसताना. रोज तासभर सराव, आठवड्याला एक सत्र, आणि अशी बारा ते वीस सत्रं, असा साधारण आराखडा असतो. आठवड्याच्या सत्रापेक्षा रोजच्या तासाने जास्त फरक पडतो.

आता फसतं कुठे ते सांगते, कारण वरवर सराव चालू असतो आणि आत आजार आपलं काम करत राहतो.

सगळ्यात जास्त फसतं ते मनातल्या तपासण्यामुळे. हात ओट्याला लागत नाही, पण सोफ्यावर बसून बटण फिरवल्याची चित्रफीत डोक्यात उलटसुलट चालू असते: आधी दूध उतरवलं, मग बटण, मग फडकं घेतलं, हो, म्हणजे बंद केलं. हीसुद्धा तपासणीच, फक्त बाहेरून दिसत नाही. ती सुरू झालेली लक्षात आली की चित्र मुद्दाम अर्धवट सोडायचं आणि ‘कदाचित राहिलंही असेल’ असं म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. दुसरं म्हणजे मोबाइलमधला फोटो. फोटोने सुरुवातीला फार सोय वाटते, मग तो फोटो आजचा की कालचा ही शंका येते, मग तारखेसकट फोटो, मग व्हिडिओ. तिसरं, जबाबदारी सरकवणं. ‘तुम्हीच शेवटी निघा’, ‘बंद करताना तू इथे उभा राहा’ अशी तजवीज करून सराव पार पाडला तर आकडा चढतच नाही, आणि आपण बरे झालो असा गैरसमज होतो. दीर्घ श्वास, गाणी, फोनवर गप्पा यांनी बेचैनी दाबत बसणं हेही तसंच. एरवी चांगल्या असलेल्या या गोष्टी सरावाच्या त्या तासापुरत्या बाजूला ठेवायच्या.

यात एक नाजूक भाग आहे, नामस्मरणाचा. पुष्कळ जण वाईट विचार आला की लगेच देवाचं नाव घेतात, ठरावीक वेळा, आणि मध्ये चुकलं तर पहिल्यापासून. श्रद्धेला हात लावायचा नसतो, तशी अपेक्षाही नसते. संध्याकाळी दिवा लावून शांतपणे म्हटलेली रामरक्षा ही उपासना, पण गॅसच्या भीतीचा उतारा म्हणून अकरा वेळा म्हटलेली तीच रामरक्षा आजाराच्या बाजूने काम करते. ओळखण्याची खूण सोपी आहे: नाही म्हटलं तर काय होईल? ‘चुकल्यासारखं वाटेल’ असं उत्तर असेल तर ठीक. ‘काहीतरी भयंकर होईल’ असं असेल तर ते शिडीवर घ्यावं लागतं.

या उपचारात अर्धं काम घरच्यांचं असतं आणि त्यांनाच सगळ्यात कमी शिकवलं जातं. मंत्रचळ एकट्या माणसाचा कधीच नसतो. नवरा दिवसातून वीस वेळा ‘हो, बंद आहे’ म्हणत असतो, मुलं बाहेरून आल्यावर थेट न्हाणीघरात जातात, सासूबाई पिशव्या दाराबाहेर पुसून मग आत घेतात. सगळं प्रेमापोटी, घरात शांतता राहावी म्हणून. पण दिलेलं प्रत्येक उत्तर हे रुग्णाने स्वतः तपासण्याइतकंच असतं, तेवढ्यापुरता दिलासा देतं आणि पुढचा प्रश्न पेरून ठेवतं.

म्हणून एका सत्राला घरच्यांना बोलावतात आणि करार करतात. तो रुग्णाच्या संमतीने आणि शांत वेळी व्हायला हवा. ऐन बेचैनीत ‘आजपासून मी उत्तर देणार नाही’ असं जाहीर केलं तर तो विश्वासघात वाटतो. कराराला टप्पे असतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्रश्नाला एकदाच उत्तर, दुसऱ्यांदा नाही. मग सकाळच्या प्रश्नांना उत्तर नाही. मग कोणत्याच नाही. उत्तराच्या जागी म्हणायचं वाक्यही आधी ठरवून ठेवायचं, कारण त्या क्षणी नीट सुचत नाही. आईने विचारलं, ‘अरे, गॅस बंद केलाय ना मी? एकदा बघ ना.’ मुलाने म्हणायचं, ‘आई, हा प्रश्न आजाराचा आहे. मी बघणार नाही, पण इथे तुझ्याजवळ बसतो.’ आणि खरंच बसायचं. वाक्य म्हणून टीव्हीकडे वळलं तर उरतो तो नुसता नकार. पहिल्या दिवसांत प्रश्न वाढतात, आवाज चढतो, रडारड होते, ‘तुम्हाला माझं काहीच वाटत नाही’ हेही ऐकावं लागतं. या उसळीची कल्पना आधी दिलेली असली तर घर टिकतं, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुणीतरी विरघळून ‘बरं बाई, बंद आहे’ म्हणून टाकतं. तसं झालं तर मेंदू एवढंच शिकतो की जास्त ताणलं की उत्तर मिळतं. त्यापेक्षा छोटा टप्पा घ्यावा आणि तो सगळ्यांनी सारखा पाळावा. घरात एक जण कडक आणि एक जण मऊ असेल तर मऊ माणसाकडे प्रश्नांची रांग लागते.

टोमणे, चेष्टा, ‘किती वेळा हात धुतलेस आज’ असं पाहुण्यांसमोर म्हणणं, हे पूर्ण बंद करावं. ओरडल्याने कृती थांबत नाहीत, चोरून होऊ लागतात.

धुण्याच्या त्रासात पद्धत हीच असते, फक्त शिडी वेगळी. दाराची कडी, चप्पल, नोटा, लोकलमधला दांडा, कचऱ्याचं झाकण यांना हात लावायचा आणि ठरलेला वेळ धुवायचा नाही. साबणाने वीस सेकंद, स्वच्छतागृहातून आल्यावर आणि जेवणाआधी, एवढंच धुणं बाकी ठेवतात. मात्र हात लावून तसाच जपून अंगापासून दूर धरला तर सराव होत नाही. तोच हात कपड्यांना, केसांना, उशीला लावावा लागतो, म्हणजे घरात ‘स्वच्छ कोपरा’ असा शिल्लक राहत नाही. हा शेवटचा भाग सगळ्यांना सर्वांत जड जातो.

ज्यांच्या मनात नुसते विचार येतात, बाळाला सुरीने इजा करण्याचे, जवळच्या नात्याबद्दल घाणेरडे, देवाबद्दल अभद्र, त्यांच्याबद्दल मला विशेष सांगायचं आहे. ही माणसं सगळ्यात उशिरा उपचाराला येतात, कारण सांगितलं तर मूल हिरावून घेतील किंवा पोलिसांत देतील असं त्यांना वाटतं. असे विचार स्वतःच्या स्वभावाच्या अगदी उलट असतात, म्हणूनच त्यांचा इतका छळ होतो. या आजारावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी हे सगळं शेकडो वेळा ऐकलेलं असतं आणि ते दचकत नाहीत. यात सराव लिहिण्याचा असतो: भीतीचा प्रसंग स्वतःच्या शब्दांत पानभर लिहायचा, स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि तो कंटाळा येईपर्यंत रोज ऐकायचा. हा सराव माहीतगार माणसाच्या हाताखालीच करावा.

सत्रं संपल्यावर त्रास कधीच परत येणार नाही असं नसतं. झोप उडाली, परीक्षा, बाळंतपण, घरातलं आजारपण, घर बदलणं, औषध कमी केलं, अशा वेळी शंका पुन्हा डोकं वर काढतात. दिवाळीची साफसफाई किंवा गणपतीतलं सोवळं हेही अवघड दिवस, कारण तेव्हा आजाराच्या कृतीला घरातून शाबासकी मिळते. म्हणून शेवटच्या सत्रात एक पान भरून घेतात: माझी पहिली खूण कोणती, कोणती पायरी लगेच पुन्हा करायची, आणि किती दिवसांत आटोक्यात आलं नाही तर फोन करायचा. पहिली खूण बहुधा बारीक असते. कुणी दार ओढल्यावर मूठ हलवून बघू लागतं, कुणी मोबाइलमध्ये पुन्हा फोटो काढू लागतं. ती दिसली त्याच दिवशी पस्तीसची पायरी करावी.

सायकॉलॉजिस्ट निवडताना त्यांची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, आहे का ते पाहावं आणि फोनवर थेट विचारावं: ओसीडीसाठी ईआरपी करता का, घरी करायचा सराव लिहून देता का, घरच्यांना एखाद्या सत्राला बोलावता का. ‘आपण बोलू, मन मोकळं होईल, सकारात्मक विचार करायला शिकवू’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे जावं. मन मोकळं होणं चांगलंच, पण या आजारात त्याने तपासणं थांबत नाही, आणि प्रत्येक शंकेवर तासभर चर्चा झाली तर ते सत्रच दिलासा मागण्याची जागा बनतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार ओपीडीत, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत कमी खर्चात दाखवता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर ओसीडीचं वेगळं क्लिनिक आहे. कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं.

तारीख मिळायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात. तोवर वही सुरू करावी, सातही रकान्यांसकट, आणि ती पहिल्याच भेटीला बरोबर न्यावी. रकाने भरताना नोंद बरोबर झाली का म्हणून मागची पानं पुन्हा वाचावीशी वाटली, तर तीही एक नोंद करावी: वेळ, बेचैनी किती, आणि किती मिनिटं गेली.